थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी फरसबीचा कॅसरोल कसा करावा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे जेवण होते आणि टर्की पक्ष्याच्या भाजलेल्या मांसाच्या जोडीला मांडल्या जाणाऱ्या पदार्थांत फरसबीचा कॅसरोल, म्हणजे दाट सॉसमध्ये घालून ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी, असंख्य घरांत ठरलेला असतो. हा पदार्थ आजीच्या वहीतला वाटत असला, तरी त्याचा जन्म न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात 1955 मध्ये झाला. तेथे काम करणाऱ्या डॉर्कस रायली यांनी कोणत्याही घरात सहज सापडतील अशा सहाच जिनसा घेतल्या: फरसबी, मशरूम सूपचा डबा, दूध, सोय सॉस, मिरपूड आणि तळलेला कांदा. मूळ कृतीचे कार्ड 2002 मध्ये अमेरिकेत शोधकांचा गौरव करणाऱ्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम या संस्थेला देण्यात आले.

डब्यातले सूप वापरण्यात कमीपणा मुळीच नाही, कारण पुष्कळ कुटुंबांना तीच चव हवी असते. तरीही सूपऐवजी घरी केलेला मशरूमचा सॉस वापरला, तर मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहते आणि भारतात जेथे तो डबा सहज मिळत नाही, तेथेही काही अडत नाही. खालील कृती त्या पद्धतीची असून ती सहा ते आठ जणांना पुरते. ती मांसविरहित असल्यामुळे अमेरिकेतील ज्या मराठी घरांत शाकाहारी पाहुणे जेवायला असतात, तेथे ती विशेष उपयोगी पडते.

साहित्य असे घ्यावे: कोवळी फरसबी 700 ग्रॅम, मशरूम 250 ग्रॅम, लोणी 3 मोठे चमचे, मैदा 3 मोठे चमचे, दूध दीड कप, भाज्यांचा स्टॉक किंवा पाणी अर्धा कप, लसणाच्या 3 पाकळ्या, सोय सॉस 1 लहान चमचा, मीठ आणि ताजी मिरपूड. वरच्या थरासाठी 3 मध्यम कांदे, 2 मोठे चमचे तांदळाची पिठी आणि तळण्यापुरते तेल लागेल. भांडे सुमारे दोन लिटरचे, पसरट आणि ओव्हनमध्ये चालणारे असावे.

प्रथम फरसबीच्या शिरा काढून तिचे दोन इंची तुकडे करावेत, ते मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे शिजवावेत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, म्हणजे शिजण्याची क्रिया थांबते व हिरवा रंग टिकतो. यानंतरचे काम बहुतेक जण उरकून टाकतात, पण कॅसरोल बिघडतो तो इथेच. निथळलेली फरसबी स्वच्छ पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपून पूर्ण कोरडी करावी. तिच्यासोबत आलेले पाणी पुढे ओव्हनमध्ये सुटते आणि दाट सॉस भाजीच्या रश्श्यासारखा तळाशी पाझरतो.

मशरूमबाबतही हेच पथ्य पाळावे. त्यांचे जाडसर काप लोण्यावर मोठ्या आचेवर परतावेत आणि मीठ अखेरीस घालावे. सुरुवातीला त्यांना भरपूर पाणी सुटते आणि कढईतून नुसते बुडबुडे ऐकू येतात. ते पाणी आटले की चरचर सुरू होते व कापांच्या कडा तपकिरी होतात. साधारण आठ-दहा मिनिटे त्यासाठी द्यावीत. मग बारीक चिरलेला लसूण घालावा आणि आच मंद करून मैदा भुरभुरावा. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत, म्हणजे दोनेक मिनिटे परतल्यावर स्टॉक आणि दूध थोडे थोडे ओतत सतत ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सॉस पळीच्या पाठीला चिकटून राहू लागला की सोय सॉस व मिरपूड घालून तो उतरवावा, त्यात फरसबी मिसळावी आणि मिश्रण भांड्यात पसरावे.

कांदा उभा, पातळ चिरून त्याला पिठी चोळावी आणि बिरिस्ता करतो तसा थोडा थोडा, मध्यम आचेवर तळावा. तो हवा त्यापेक्षा एक छटा फिकट असतानाच काढावा, कारण तेलातून बाहेर आल्यावरही त्याचा रंग चढत राहतो. बिर्याणीसाठी विकत मिळणारा तयार बिरिस्ता इथे बेलाशक वापरावा.

ओव्हन 180 अंश सेल्सियसला, म्हणजे 350 अंश फॅरनहाइटला तापवून घ्यावा. भांडे कांदा न घालता 25 मिनिटे ठेवावे आणि कडांना बुडबुडे दिसू लागले की कांदा वर पसरून आणखी पाच मिनिटे भाजावे. कांदा सुरुवातीपासून घातला, तर सॉसच्या वाफेने तो मऊ पडतो आणि वरचा भाग करपतो. लहान ओटीजीमध्ये वरची सळई फार जवळ असते, म्हणून भांडे मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवावे आणि या पाच मिनिटांत तेथून हलू नये.

सणाच्या दिवशी खरी अडचण ओव्हनच्या जागेची असते, कारण टर्की त्यात तासन्‌तास असते. मात्र टर्की बाहेर काढल्यावर कापण्यापूर्वी तिला साधारण अर्धा तास तसेच ठेवावे लागते, आणि कॅसरोललाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून सॉस व फरसबीचे मिश्रण आदल्या दिवशीच भांड्यात भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. कांदा मात्र गार झाल्यावर हवाबंद डब्यात बाहेरच ठेवावा. गार मिश्रणाला भाजायला दहा मिनिटे जास्त लागतात. भांडे काचेचे असेल, तर ते अर्धा तास आधी फ्रिजमधून काढावे, कारण थंडगार काच एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास तडकू शकते.

उरलेला कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी ओव्हन वापरावा, आणि थोडा बिरिस्ता शिल्लक असेल तर तो वरून ताजा घालावा.