गेमिंगसाठी मॉनिटर महागडा घ्यावा की किफायतशीर, हे कसे ठरवावे

मॉनिटर घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी मॉनिटरची मॉडेल पाहू लागतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. पडद्यावर दिसणारे चित्र मॉनिटर तयार करत नाही, ते ग्राफिक्स कार्ड तयार करते. मॉनिटर ते फक्त दाखवतो. म्हणून किती खर्च करावा हे ठरवण्यासाठी सर्वप्रथम आपल्याच संगणकाची परीक्षा घ्यावी.

आपण नेहमी खेळतो ते दोन-तीन गेम निवडावेत, व्ही-सिंक (कार्डाचा वेग पडद्याशी जुळवून रोखणारी सेटिंग) आणि फ्रेमवरील, म्हणजे दर सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांवरील, मर्यादा बंद करावी, गेम चालवणाऱ्या स्टीम या अ‍ॅपमध्ये असतो तसा फ्रेम मोजणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सुरू करावा आणि सर्वाधिक धुमश्चक्री असलेल्या दृश्यात तो कुठवर घसरतो ते लिहून ठेवावे. मेन्यूत किंवा रिकाम्या मैदानात दिसणारा आकडा काही कामाचा नाही. जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, असला तरी ही मोजणी करता येते, कारण पडदा दाखवू शकत नसलेल्या फ्रेमही कार्ड तयार करतच असते. वरच्या रिझोल्यूशनचा, म्हणजे अधिक पिक्सेलच्या (चित्राच्या बारीक ठिपक्यांच्या) पडद्याचा विचार असेल, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधील (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) डीएसआर किंवा एएमडीचे व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन वापरून तो भार आधीच टाकून पाहावा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे जवळपास ८३ लाख; ४के मॉनिटर घेणारा माणूस आपल्या कार्डावर १०८०पीच्या चौपट पिक्सेलचे ओझे टाकत असतो, हे खरेदीच्या वेळी त्याच्या लक्षात येतेच असे नाही.

आता हाती आलेला आकडा रिफ्रेश रेटशी, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या हर्ट्झच्या आकड्याशी, ताडून पाहावा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२. म्हणजे पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात आणि दुसऱ्या उडीत तीनही वाचत नाहीत. पहिली उडी माउसचा बाण नुसता गोल फिरवला तरी जाणवते, कारण तुटक ठिपक्यांची माळ आता सलग रेषेसारखी दिसते. आणि ही उडी आज किफायतशीर मॉनिटरमध्येही मिळते. कार्ड ९० फ्रेमच्या आसपास थांबत असेल, तर २४० हर्ट्झसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेले असे समजावे. स्पर्धात्मक शूटर खेळणारे आणि २०० फ्रेम सहज गाठणारे यांची गोष्ट वेगळी.

आकार आणि रिझोल्यूशन यांचा विचार मात्र एकत्रच करावा. २४ इंची १०८०पी पडद्यावर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल येतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणले की ते ८२ वर येतात आणि अक्षरांच्या कडा खरबरीत दिसू लागतात. २७ इंचाला १४४०पी, म्हणजे इंचाला सुमारे १०९ पिक्सेल, हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो.

खरा फरक पडतो तो पॅनेलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या प्रकारात, त्यामुळे या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. आयपीएस पॅनेलचे रंग आणि बाजूने दिसणारे चित्र चांगले असते, पण कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाच्या उजेडाचे प्रमाण) साधारण हजारास एक असल्याने अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, कॉन्ट्रास्ट तीन हजारास एक किंवा अधिक. परंतु स्वस्त व्हीए पॅनेलवर एखाद्या अंधाऱ्या बोळातून झपाट्याने वळून पाहा, भिंतीच्या काळ्या कडा मागे फरफटत येताना दिसतील, कारण त्यांचे पिक्सेल काळ्यातून करड्यात जायला वेळ घेतात. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे हे दोन्ही दोष उरत नाहीत, आणि महागड्या मॉनिटरचा खरा युक्तिवाद इथेच आहे. पण त्याच पडद्यावर दिवसभर तक्ते आणि एकाच जागी स्थिर असणारी पट्टी उघडी राहणार असेल, तर तिचा कायमचा डाग उमटण्याची शक्यता गृहीत धरावी आणि वॉरंटीत त्याचा समावेश आहे का, हे वाचावे.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. ‘१ मिलिसेकंद’ हा प्रतिसादवेळेचा आकडा अनेकदा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लुकलुकवून किंवा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग वेगाने बदलायला लावणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन गाठलेला असतो. पहिल्यात पडदा मंद होतो, तर दुसऱ्यात हलत्या वस्तूमागे उजळ सावली उमटते. तसेच ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या उजळ-गडद चित्राच्या प्रमाणपत्राच्या पातळीसाठी लोकल डिमिंगची (पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करण्याच्या सोयीची) सक्ती नाही, त्यामुळे त्या चिठ्ठीसाठी जादा पैसे देऊ नयेत.

पैसे कितीही कमी असले तरी अ‍ॅडाप्टिव्ह सिंक सोडू नये. फ्रेमची संख्या वरखाली होत असताना चित्र फाटू न देण्याचे काम हेच करते. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून आपली कार्डे अ‍ॅडाप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरवरही चालू दिल्याने त्यासाठी खास महागडा मॉनिटर घेण्याची गरज उरलेली नाही. कन्सोल जोडणार असाल तर मात्र पोर्ट तपासावेत: ४के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवे असतील तर एचडीएमआय २.१ लागते, २.० वर पूर्ण रंगांसह ४के ६० हर्ट्झवरच थांबते.

स्वस्त मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त पुढेमागे कलतो, पण पाठीमागे व्हेसाची (आर्म बसवण्यासाठी ठरलेल्या मापाची) छिद्रे असतील तर वेगळा आर्म लावून ती उणीव भरून निघते. छिद्रेच नसतील, तर असा मॉनिटर मी घेणार नाही.

मॉनिटर घरी आला की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधील अ‍ॅडव्हान्स्ड विभागात जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा. मी माझा पहिला १४४ हर्ट्झचा मॉनिटर तीन आठवडे ६० हर्ट्झवरच वापरला होता, आणि तेवढे दिवस तो फार सुरळीत चालतो असे सगळ्यांना सांगत होतो. त्यानंतर पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग आळीपाळीने आणून मेलेले पिक्सेल आणि कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड पाहावा. ही तपासणी बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी करावी, आणि तोवर खोके व त्यातला थर्माकोल फेकू नये.