पात्र नको, प्रसंग शोधा: पुराणकथा स्वतःच्या प्रश्नाला कशी लावून पाहावी

नोकरीत डावलला गेलेला मराठी माणूस काही काळ तरी कर्ण असतो. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बढती हुकल्याची हकिकत सांगता सांगता कोणीतरी ‘आमचा कर्ण झाला’ असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांना पुढचे काही सांगावे लागत नाही. इतक्या कमी शब्दांत इतके पोचवणारी भाषा आपल्याला आयती मिळाली आहे, हे आपले भाग्यच आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. कर्ण झालो असे म्हटले की दोष कोणाचा हे ठरते, रथाचे चाक रुतणार हेही ठरते, आणि आपण स्वतः करावे असे काही उरतच नाही. म्हणून जी पद्धत मी पुढे सांगणार आहे, तिचा पाया एवढाच आहे की ‘मी कोणते पात्र आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘मी कोणत्या प्रसंगात उभा आहे’ असे विचारावे. पात्राचा शेवट ठरलेला असतो. प्रसंगातून मात्र पुढे जाता येते.

स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग (१८७५–१९६१) यांच्या ‘आर्किटाइप’ या कल्पनेला, म्हणजे माणसांच्या मनात आणि कथांत पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या मूळ साच्याला, मराठी समीक्षेत आदिबंध किंवा आद्यबंध असे म्हणतात. ती समजावताना युंग यांनी स्फटिकाची उपमा दिली होती. द्रावणात स्फटिक तयार होताना त्याच्या अक्षांची रचना जणू आधीच ठरलेली असते, परंतु प्रत्यक्ष स्फटिक लहान होईल की मोठा, सुबक होईल की वेडावाकडा, हे परिस्थितीवर अवलंबून राहते. आदिबंध म्हणजे तो न दिसणारा अक्ष, आणि कर्ण, सावित्री, बळी हे त्यावर घडलेले स्फटिक. आपले आयुष्य हा त्याच अक्षावरचा दुसरा स्फटिक असू शकतो. तो पहिल्याची नक्कल असण्याचे कारण नाही.

प्रश्न कहाणीसारखा लिहावा

सुरुवात कागदावर करावी. श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ‘आटपाट नगर होतं’ या सुरुवातीची किंमत ठाऊक असेल. त्या कहाणीत माणसाला नाव नसते, त्याच्या स्वभावाचे वर्णन नसते, त्याची बाजू मांडलेली नसते. तो कोण होता आणि त्याला काय उणे होते एवढेच सांगून कथा पुढे सरकते. आपली अडचणही तशीच, तृतीयपुरुषी आणि विशेषणे गाळून, तीन-चार वाक्यांत लिहावी. उदाहरणार्थ: ‘आटपाट नगर होतं. तिथे घोडबंदर रस्त्याला एक बाई राहत असे. मुलगा परदेशी गेला, नवरा निवृत्त झाला, आणि तिच्याकडे कोणी काही मागेनासं झालं.’ हे लिहिताना ‘कृतघ्न’, ‘बिचारी’, ‘अन्यायाने’ असे शब्द लेखणीतून उतरू पाहतात. ते खोडावेत. ते शब्द गेल्यावर मागे जे राहते, त्यातच प्रसंग दिसतो.

मी स्वतः लिहिलेली कहाणी अशी होती: ‘आटपाट नगर होतं. तिथला एक माणूस अठरा वर्षं ठाण्याहून ऐरोलीला कामाला जात असे. एके दिवशी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.’ हे तिसरे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

क्रियापद पाहावे

प्रसंग कोणता हे ओळखण्याची खूण नामात नसते, क्रियापदात असते. आपल्या कहाणीतील माणूस नेमके काय करतो आहे? तो वाट पाहत असेल, तर पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर उभा असलेला विठ्ठल हा त्याचा प्रसंग असू शकतो, आणि मग लक्षात येते की या कथेत वाट पाहणारा दुबळा नाही, तो देव आहे. कोणी बाहेर पडण्याची वाट माहीत नसताना आत शिरला असेल, तर तो चक्रव्यूह आहे. कोणी घुसळत असेल आणि हाती फक्त कडवटपणा लागत असेल, तर भागवतातील समुद्रमंथन वाचावे. तेथे रत्नांच्या आधी हलाहल वर येते.

आपल्याहून बलवान माणसाशी वाटाघाट करायची असेल, तर सावित्रीकडे जावे. वटपौर्णिमेला बाजारातून वडाच्या फांद्या आणून त्या बाल्कनीत पुजण्याच्या प्रथेबद्दल माझे मत चांगले नाही, पण तो विषय वेगळा. महाभारतातील सावित्री यमाशी भांडत नाही आणि रडतही नाही. ती त्याच्या मागोमाग चालत राहते, प्रत्येक वेळी त्याला पटेल असे काही बोलते, आणि सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, वडिलांना शंभर पुत्र असे एकेक पदरात पाडून घेते. अखेरीस सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र व्हावेत असा वर ती मिळवते, आणि सत्यवानाला परत केल्याशिवाय तो वर खरा होण्याची सोय नाही हे ती यमाच्या ध्यानात आणून देते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचे पुनर्विकासाचे करार ज्यांच्या समोर आहेत, त्यांनी ही कथा व्रतकथा म्हणून न वाचता वाटाघाटीचा नमुना म्हणून एकदा वाचावी.

प्रसंग ग्रंथांतच असतात असे मात्र नाही. १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्या गावांच्या सीमा नकाशातून पुसल्या गेल्या, तरी गावदेवीची देवळे गावठाणांतून उभी आहेत आणि जत्राही भरतात. महापे येथे संगणकावर काम करणारा आगरी किंवा कोळी तरुण एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढतो, तेव्हा तो सेक्टरच्या आकड्यात न मावणारा आपला पत्ता शोधत असतो, असे मला वाटते. ज्याचा प्रश्न ‘मी कुठला’ असा आहे, त्याने महाभारतात शिरण्यापूर्वी आपल्या गावदेवीची कथा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून काढावी.

मूळ कथा वाचावी, आठवणीवर विसंबू नये

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कथा आपल्याला येते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्याला आजीने, मालिकेने आणि व्हॉट्सॲपने सांगितलेली कथा येत असते. लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. सुभद्रेला झोप लागली म्हणून पोटातल्या अभिमन्यूची विद्या अर्धवट राहिली, ही गोष्टही व्यासांच्या द्रोणपर्वात नाही. तेथे अभिमन्यू युधिष्ठिराला सरळ सांगतो की पित्याने मला व्यूह भेदायला शिकवले आहे, संकटात बाहेर पडायला शिकवलेले नाही. त्यावर थोरले त्याला सांगतात की तू वाट करून दे, आम्ही तुझ्या पाठोपाठ आत येतो. तो वाट करतो, आणि शंकराच्या वराने त्या दिवसापुरता बळावलेला जयद्रथ मागच्या सगळ्यांना तोंडाशीच अडवतो.

या दोन आवृत्त्यांतून निघणारे अर्थ अगदी वेगळे आहेत. पहिलीत दोष झोपलेल्या आईकडे जातो. दुसरीत प्रश्न असा होतो की ‘तू हो पुढे, आम्ही आहोत’ असे म्हणणारे प्रत्यक्षात किती अंतरावर आहेत, आणि त्यांना अडवू शकेल असा जयद्रथ कोण आहे. भावाच्या शब्दावर धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्याने, किंवा वरिष्ठांच्या भरवशावर नवा प्रकल्प अंगावर घेणाऱ्याने, दुसरी आवृत्ती वाचणे अधिक उपयोगाचे आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक शतकांच्या हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध झाली आहे. सामान्य वाचकाला तिच्यात शिरण्याची गरज नाही. महाभारताचे एखादे सविस्तर मराठी भाषांतर पुरते. ठाण्यात राहणाऱ्यांना त्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण येथील मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालापासून चालू आहे. आपल्या प्रसंगाचे अध्यायच तेवढे वाचावेत, पण सलग आणि दोनदा वाचावेत.

प्रसंग शेजारी मांडून पाहावा

माझ्या कहाणीतले क्रियापद ‘लपणे’ हे होते, हे मान्य करायला वेळ लागला. नोकरी गेल्यावर दोन महिने मी रोजच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडत होतो आणि मासुंदा तलावाच्या कडेला बसून परत येत होतो. विराटपर्व तेव्हा हाती घेतले.

अज्ञातवास हा केवळ लपण्याचा काळ आहे अशी माझी समजूत होती. वाचल्यावर दिसले ते असे. बारा वर्षांच्या वनवासानंतर तेरावे वर्ष ओळख न पटू देता काढायचे होते, आणि ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनात. विराट राजाच्या नगरात शिरण्यापूर्वी पांडव आपली शस्त्रे बांधून स्मशानाजवळच्या शमीच्या झाडावर ठेवतात, त्या झाडाला एक प्रेतही बांधतात, आणि ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई आहे असे गुराख्यांना सांगतात, म्हणजे कोणी जवळ फिरकू नये. आपापसांत हाक मारण्यासाठी जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल अशी गुप्त नावे घेतात. मग प्रत्येक जण आपल्याजवळच्या एका दुय्यम कौशल्यावर वर्ष काढतो. भीम स्वयंपाकी होतो, अर्जुन बृहन्नडा या नावाने नृत्य शिकवतो, नकुल घोडे पाहतो, सहदेव गाई, द्रौपदी राणीची केशरचना करते. युधिष्ठिर तर ज्या द्यूताने सर्वस्व गेले, त्याच द्यूताच्या जोरावर विराटाच्या सभेत बसतो. पुरोहित धौम्य त्यांना परक्याच्या चाकरीत कसे राहावे तेही शिकवतो: विचारल्याखेरीज राजाला सल्ला देऊ नये, दुसऱ्याचा ज्या आसनावर डोळा आहे त्यावर बसू नये.

मांडणीसाठी वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे कथेतील वस्तू, माणसे आणि अटी लिहाव्यात, उजवीकडे आपल्या आयुष्यातील त्यांची जागा. शस्त्रे म्हणजे काय? माझ्यापुरते उत्तर होते हुद्दा, ओळखपत्र आणि ‘मी अमुक कंपनीत आहे’ हे वाक्य. ती मोडायची नव्हती, टाकायचीही नव्हती. काही काळ झाडावर ठेवायची होती. गुप्त नावाने हाक मारणारे कोण? येथे पान रिकामे राहिले, आणि त्या रिकाम्या जागेमुळेच मी त्या रात्री बायकोला खरे सांगितले. ती म्हणाली, “अहो, डबा न खाता परत येत होता, तेव्हाच कळलं होतं मला.” दुय्यम कौशल्य कोणते? मला गणित बरे शिकवता येत होते. इमारतीतील दोन मुलांपासून सुरुवात झाली.

उजवी बाजू भरताना घाई करू नये. ज्या ओळी पटकन भरतात, त्या बहुधा आपल्याला आधीच ठाऊक असतात. अडलेल्या ओळींवर थांबावे.

कथा कुठे लागू पडत नाही तेही लिहावे

प्रत्येक प्रसंग एका ठिकाणी फाटतो. अज्ञातवासात राणीचा भाऊ कीचक द्रौपदीला भरसभेत लाथ मारतो आणि ओळख फुटू नये म्हणून युधिष्ठिर तिला गप्प राहायला सांगतो. कामाच्या जागी छळ सोसणाऱ्या बाईने यातून ‘वर्ष भरेपर्यंत सहन करावे’ असा बोध काढला, तर कथेचा तिच्यावर अन्याय झाला असे मी म्हणेन. कायदा आणि तक्रार समिती तिच्यासाठी आहेत, आणि त्या वाटा विराटनगरात नव्हत्या. कथेतही द्रौपदी गप्प राहत नाहीच. ती त्याच रात्री भीमाकडे जाते.

एकच कथा कोण सांगतो यावरही तिचा अर्थ फिरतो. वामनाच्या गोष्टीत बळी हा गर्व उतरवला गेलेला राजा आहे. दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी तोच परत यावा असा राजा आहे. एकलव्याची कथा गुरुभक्तीचा धडा म्हणून ज्यांना शिकवली गेली आणि ज्यांना ती अंगठ्यासारखी दुखते, त्या दोघांसमोर एकच प्रसंग नाही. आपण कथेत कोणाच्या बाजूने उभे आहोत, हे त्या वहीच्या पानावर वरच लिहून ठेवावे.

वसा घ्यावा, आणि मुदतीसह घ्यावा

कहाणीत शेवटी वसा असतो, आणि ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ अशी अट असते. प्रसंग सापडल्यावर त्यातून एकच लहान कृती निवडावी, ती रोजची किंवा आठवड्याची असावी, आणि ती कधी संपणार हेही आधी ठरवावे. सावित्रीच्या प्रसंगात असलेल्याने दर आठवड्याला समोरच्याकडे एकच मागणी लेखी द्यावी. समुद्रमंथनात असलेल्याने हलाहल कोणाच्या गळ्यात जात आहे, हे दर रविवारी टिपावे. बहुतेक घरांत तो गळा ठरलेला असतो. अज्ञातवासाला तर मुदत हाच जीव आहे. तेरावे वर्ष संपले तरी बृहन्नडाच राहिलेला अर्जुन कथेत नाही. कौरव गाई पळवतात, बढाया मारत निघालेला विराटाचा मुलगा उत्तर घाबरून रथातून उडी टाकतो, आणि बृहन्नडा त्याला धरून शमीच्या झाडाकडे नेते.

माझ्या वहीत त्या पानाच्या तळाशी दसऱ्याची तारीख लिहिलेली होती. त्या दिवशी सकाळी कौपिनेश्वराच्या बाजूने आपट्याची पाने घेऊन घरी आलो, कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी प्रमाणपत्रे खाली काढली, आणि अकरा महिने ज्यांचे फोन टाळले होते त्या तीन जुन्या सहकाऱ्यांना सोन्याच्या निमित्ताने फोन केले.