घरातलं नर्मदेचं पाणी कसं मोजायचं आणि गच्चीवरचं कसं जिरवायचं

इंदूरला आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, पण घरात हौद, वर टाकी, शिवाय बोरिंग असलं की मधला कोरडा दिवस कळतसुद्धा नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला बस्ती आहे, तिथल्या बायका त्याच दिवशी कुप्पे (प्लॅस्टिकचे कॅन) घेऊन टँकरच्या रांगेत असतात. हे बघून बघून मला राहवेना, म्हणून लिहितोय.

आधी मोजा. मीटर लागत नाही. पाणी न येण्याच्या दिवशी सकाळी गच्चीवरची टाकी पूर्ण भरून घ्या, मग हौदात काठी घालून खूण करा. दुसऱ्या दिवशी नळ यायच्या आधी टाकी हौदातूनच परत भरा आणि हौद किती उतरला ते बघा. हौदाची लांबी गुणिले रुंदी गुणिले पाणी जितकं खाली उतरलं ते, सगळं फुटात, आणि त्याला २८ ने गुणा, झाले लिटर. आमचा हौद ६ बाय ५, उतरला सव्वा फूट, म्हणजे हजार लिटरच्या वर. माणसं चार, माणशी अडीचशेच्या पुढे! मोठ्या शहरांसाठी सरकारी माप माणशी १३५ लिटर आहे आणि खेड्यात नळयोजनेचं ५५. मला खरंच लाज वाटली.

आणि हे पाणी येतं कुठून, तर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किमी, ४०० मीटरपेक्षा जास्त चढवून. हजार लिटर एवढं उचलायलाच १ युनिटच्या वर वीज जाते, पंपात वाया जाणारी वीज वेगळीच. त्याच नदीवर, वरच्या बाजूला, इंदिरा सागर धरणात २००४ मध्ये अख्खं हरसूद गाव बुडालं. म्हणून टाकी भरून वाहताना दिसली की जीव तुटतो.

तर पहिलं काम, टाकीला बॉल व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) लावा, प्लंबर अर्ध्या तासात लावून देतो. दुसरं म्हणजे नळाच्या लाईनीला थेट टुल्लू (पाणी खेचणारा छोटा पंप) लावला असेल तर आजच काढा, तो शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत घ्या, फरशीला चालतं.

आता गच्ची. इंदूरला वर्षाला साधारण ९०० मिमीच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे १००० चौरस फूट गच्चीवरून साठ-सत्तर हजार लिटर मिळू शकतं. गच्चीचा पाईप रेती-गिट्टी-कोळशाच्या फिल्टरमधून बोरिंगमध्ये सोडा, पहिले एकदोन पाऊस मात्र बाहेर जाऊ द्या, धूळ आणि कबुतरांची घाण असते. अंगणातलं, गाडी धुतलेलं पाणी कधीच बोरिंगमध्ये नाही, खालचं पाणी सगळ्यांचं आहे. बोरिंग नसेल तर खड्डा करा, पण माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खणा, त्याच्याखाली काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांतच साठतं. आपण खोल बोरिंगने ओढत राहिलो की जवळपासचा उथळ हँडपंप आधी कोरडा पडतो, आणि तो बहुतेक बस्तीतलाच असतो.

फिल्टरची रेती दरवर्षी मे महिन्यात काढून धुवा, आणि त्याच आठवड्यात हौदात काठी घालून परत एकदा मोजा.