लिनो शिकताना आधी चादर उलटून बघा

लिनोछपाई म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापणं. ती शिकायला कुणी आलं की मी लगेच कोरणी हातात देत नाही. दिवाणावरची सोलापुरी चादर उलटून दाखवते. वरून मरून रंगात पांढरा मोर, खालून पांढऱ्यात मरून मोर. माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचे. एकेक चौकट भरताना पलीकडच्या बाजूला काय दिसणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. लिनोतही हेच लागतं. कोराल तेवढं कागदावर पांढरं राहतं, ठेवाल तेच शाई घेतं. काळी रेघ हवी असेल तर रेघेला हात न लावता तिच्या दोन्ही बाजू खोदायच्या. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930 मध्ये काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवर कोरले, ते चित्र निरखून बघा. काळं तसंच ठेवलंय आणि पांढऱ्या रेघांतून माणूस उभा राहिलाय.

पहिला तुकडा पोस्टकार्डाएवढा घ्या आणि त्यावर भुईमुगाची शेंग काढा. बाहेरचा आकार सोपा, आणि टरफलावरची जाळी बारीक कोरणीला उत्तम सराव देते. नाव, अक्षरं पहिल्या दिवशी नकोत, छापात सगळं उलटं येतं. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, पालथं घालून लिनोवर घासा. तिथे ते उलटं उमटेल, म्हणजे कागदावर सुलटं येईल.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाची पूड आणि मागे तागाचं कापड. थंडीत ते कडक होतं. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या जत्रेच्या दिवसांत मी तुकडा दहा मिनिटं गच्चीवर उन्हात ठेवते. मे महिन्यात मात्र सावलीतच बरा, फार मऊ झाला तर बारीक रेघांच्या कडा दबतात. कोरताना सलग वळी निघाली तर लिनो तयार आहे, भुगा पडला तर अजून ऊब हवी.

आता हाताचं. धरणारा हात कायम कोरणीच्या मागे. सुरुवातीला मी तुकडा तळहातावर धरून गोलाई कोरत होते, कोरणी सटकली, डाव्या तर्जनीला तीन टाके पडले. तेव्हापासून टेबलाच्या कडेला अडकणारी, पट्टी ठोकलेली फळी वापरते. गोलाईसाठी मनगट वळवू नका, तुकडा फिरवा. व्ही आकाराच्या कोरणीने आधी कडा बांधा, मग यू आकाराच्या रुंद कोरणीने मोकळी जागा काढा. ताग दिसला म्हणजे फार खोल गेलात.

शिकवणारा आणि तुम्ही दोघंच असताना एक गोष्ट आवर्जून मागा: तो शेजारी बसून तुमचा हात बघत राहू दे, पण तुमच्या तुकड्याला त्याची कोरणी लागू देऊ नका. दाखवायचं ते त्याने वेगळ्या तुकड्यावर दाखवावं. दाब किती द्यायचा हे तुमच्याच मनगटाला कळायला हवं. शिकवणीच्या तीन तासांतले निम्मे यातच जातात, जाऊ द्या.

शाई लावताना पंखा बंद. पाण्याची शाई आपल्या उन्हाळ्यात काचेवरच सुकते, म्हणून मी तेलाची वापरते. शेंगदाण्याएवढी घ्या, रोलरने पातळ पसरा. चिरचिर असा बारीक आवाज आला की पुरे; चपचप वाजली तर जास्त झाली आणि जाळी बुजणार. कागद ठेवा, एका हाताने दाबून धरा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा हळूच उचलून बघा, फिकं असेल तर तसाच खाली सोडून पुन्हा घासा. पहिले दोन-तीन छाप फिके येतात, ते फेकू नका. नको असलेले काळे ओरखडे कुठे राहिलेत ते त्यांवरच पेन्सिलीने खुणा करून घ्या, तुकडा पुसा, तेवढंच कोरा. मनासारखे छाप निघाले की खाली पेन्सिलीने 1/8, 2/8 (आठांपैकी पहिला, दुसरा) असे आकडे घाला आणि ते काही दिवस मोकळे वाळू द्या.

काच आणि रोलर आधी खायच्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. शाईच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. शाईतलं जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा.