कॅमकॉर्डरची पूर्वतयारी आणि प्रवास : या चुका टाळा

कॅमकॉर्डरविषयीच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसते. रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वी जे तपासायला हवे होते, ते तपासायचे राहून गेलेले असते.

सर्वाधिक घोटाळे मेमरी कार्डात होतात. दुसऱ्या उपकरणात वापरलेले कार्ड तसेच घालून चित्रण सुरू केले, तर ते मध्येच थांबण्याची शक्यता असते. म्हणून जुन्या फाइल उतरवून घेऊन कार्ड त्याच कॅमकॉर्डरमध्ये फॉरमॅट करावे, संगणकावर नव्हे. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो, आणि चित्रणाला लागतो तो लिहिण्याचा किमान वेग. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करताना सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहिले जातात, तर व्ही१० (कार्डावर छापलेली किमान लिहिण्याच्या वेगाची श्रेणी) कार्डाची हमी सेकंदाला १० मेगाबाइटचीच असते. तेथे व्ही३० घ्यावे. चित्रण थांबवल्यावरही कार्डाचा दिवा लुकलुकत असेल, तर लिहिणे संपलेले नसते. त्या क्षणी बॅटरी काढली, तर शेवटची फाइल न उघडण्याची शक्यता असते.

घरात किंवा सभागृहात चित्रण करताना प्रतिमेत आडवे पट्टे सरकताना दिसले, तर कॅमकॉर्डर दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये. ५० हर्ट्झ विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे सहसा जातात. ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशात मात्र १/६० ठेवावे लागते, आणि परदेशी गेल्यावर घड्याळ बदलणाऱ्यांनाही हे हमखास आठवत नाही.

ट्रायपॉडवर स्थिरीकरण (हाताची थरथर चित्रात कमी करणारी सोय) बंद करावे, अन्यथा कॅमेरा फिरवून थांबवल्यावरही चित्र किंचित पुढे सरकते. डिजिटल झूमही बंदच बरा. तो केवळ चित्राचा मधला भाग ताणून मोठा करतो. चाचणीसाठी अर्धा मिनिट चित्रण करून ते हेडफोन लावून ऐकावे, कारण वाऱ्याची घरघर किंवा सैल बसलेली माइकची पिन छोट्या स्क्रीनवर दिसत नाही.

प्रवासात वातानुकूलित खोलीतून एकदम दमट उन्हात आल्यावर भिंगावर, आणि कधी आतही, बाष्प धरते. अशा वेळी नुसते भिंग पुसून काम भागत नाही. बाहेर पडण्यापूर्वीच कॅमकॉर्डर हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवावा आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी.

विमानात सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. त्या टोके झाकून हातातील सामानात ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. आकडा छापलेला नसेल, तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे : ७.२ व्होल्ट आणि ३.५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २५ वॉट-तासांची भरते.