घोड्याचा अभ्यास करायचाय? आधी दाढा बघा

ठाण्यात बसून घोड्याचा कसला इतिहास शिकणार, असं विचारणाऱ्याला मी मार्को पोलो ऐकवते. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो लिहून गेलाय की ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटलेला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे माझे. राजाकडे घोडे नव्हते आणि समुद्रमार्गे भारतात ते भरपूर येत होते. दुसऱ्याच्या जहाजावर डल्ला मारून पागा भरायची, सोपा हिशेब!

नवी मुलं बहुतेक ‘आर्य आणि घोडा’ या भांडणातून, म्हणजे घोडा आर्यांनी बाहेरून आणला की हडप्पा संस्कृतीत आधीच होता या वादातून, या विषयात येतात. या, पण हाडं न बघता बाजू घेऊ नका. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळी मिळालेल्या हाडांवरून तज्ज्ञांत आजही एकमत नाही, कारण घोडा, गाढव आणि कच्छच्या रणातलं घुडखर (रानगाढव) यांचे सांगाडे फार जवळचे. खालची दाढ भिंगाखाली धरा. चावायच्या पृष्ठभागावर एनॅमलची (दाताच्या कठीण आवरणाची) नागमोडी रेघ दिसते. तिच्यात जिभेकडच्या बाजूला एक खाच असते. ती घोड्यात बहुधा ‘यू’सारखी पसरट, गाढवात ‘व्ही’सारखी निमुळती. म्हाताऱ्या जनावराच्या झिजलेल्या दाढेत हे पुसट होतं. तेव्हा एकाच दाढेवरून निकाल द्यायचा नाही, पायाच्या हाडांची मापंही घ्यायची.

उत्क्रांतीचा भाग पाठ्यपुस्तकात मिळेल. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज लहानसा, जंगलात पाला खाणारा, पुढच्या पायाला ४ आणि मागच्याला ३ बोटं. पुढे गवताळ माळ पसरले, गवतानं दात झिजतात म्हणून उंच दाढांचे घोडे टिकले, बोटं घटत एकच उरलं. फक्त तो एकामागे एक घोडे उभे केलेला तक्ता डोक्यातून काढा. एकाच काळात अनेक जाती नांदत होत्या आणि बऱ्याच निर्वंश झाल्या. हे बरंचसं उत्तर अमेरिकेत घडलं. तिथून घोडा सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि परतला तो स्पॅनिश जहाजांतून.

वरातीतली घोडी बँडवाल्यांची वाट बघत उभी असते तेव्हा तिचा पुढचा पाय निरखा. ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथे बसते. ती सरकून पहिल्या दाढेची कड घासते. घोडा माणसाळवलेला होता का हे कळायला तीच झीज उत्खननात शोधतात.

कझाकस्तानातल्या बोताई इथे, इ.स.पू. ३५०० च्या आसपास, अशी झीज सापडल्याचा दावा आहे. पण २०१८ मध्ये डीएनएवरून कळलं की ते घोडे आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज नव्हेत. २०२१ च्या संशोधनानं आजच्या घोड्यांच्या उगमाचा मान रशियातल्या व्होल्गा-डॉन खोऱ्याला दिला. म्हणून कुठलंही पुस्तक उघडलंत की आधी छापल्याचं साल बघा.

आपल्याकडचंही सोडू नका. नागपूरजवळ माहूरझरीच्या महापाषाणीय (मोठाले दगड रचून केलेल्या) दफनांत घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळालेत. मराठा फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर. पगाराचा फरक तिथूनच सुरू.

पुढे पुरातत्त्व शिकायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. नोकऱ्या मोजक्याच, हे घरी आधी सांगून ठेवा. प्रवेश होईपर्यंत कर्जत लोकलनं नेरळला उतरा, वर माथेरानला दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्यांशी बोला. दात बघून वय कसं सांगतात ते त्यांच्याकडूनच शिका, आणि घोड्याच्या मागे उभं राहू नका.