सनरीची केस: सोडवायचा की अडकवायचा, दोन्ही बाजूंनी कशी लढायची

स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक हा गेम २००३ चा, बायोवेअरने केलेला. आयपॅडवर २०१३ ला आणि अँड्रॉइडवर २०१४ ला आला त्यामुळे आता मोबाईलवर पण खेळता येतो. त्यात मनान नावाच्या ग्रहावर एक खुनाचा खटला आहे आणि माझ्या मते अख्ख्या गेममधली ही सगळ्यात भारी साइड क्वेस्ट (मुख्य स्टोरीबाहेरची मोहीम) आहे. बरेच जण घाईघाईत उरकून टाकतात, खूप काही हुकतं, म्हणून हे लिहितोय. पुढे सगळी स्टोरी फुटणार आहे, खेळला नसाल तर आधी खेळून या.

आधी जोली बिंडो पाहिजे, हा म्हातारा जेडाय साथीदार कॅशिक ग्रहावर मिळतो, म्हणजे कॅशिक मनानच्या आधी करा. जोलीला पार्टीत, म्हणजे सोबतच्या टीममध्ये, घेऊन मनानच्या आहतो सिटीत फिरलात की इलोरा भेटते, तिचा नवरा सनरी हा जोलीचा जुना मित्र, युद्धात रिपब्लिककडून नाव कमावलेला माणूस, आणि एलासा नावाच्या सिथ बाईच्या खुनाच्या आरोपाखाली आत आहे. मनानवर सगळा कारभार सेल्काथ या तिथल्या स्थानिक जमातीचा, कोल्टो हे औषध त्यांच्याकडेच मिळतं म्हणून ते रिपब्लिक आणि सिथ या एकमेकांशी लढणाऱ्या दोन्ही पक्षांना सारखंच धरून असतात, कोर्टातही तसंच. तुम्ही सनरीचे वकील होता, गेममध्ये त्याला आर्बिटर म्हणतात.

आता महत्त्वाचं. कोर्टात उभं राहायची अजिबात घाई करू नका. आधी सनरीला कोठडीत भेटा, इलोराशी बोला, मग हॉटेलवाला इग्नस आणि बाकीचे साक्षीदार, एकेकाला बाहेरच गाठून सगळं विचारून घ्या. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये तोच प्रश्न कोर्टात विचारायचा, नाहीतर साक्षीदार काहीतरी बोलून जातो आणि आपल्याच माणसाला गोत्यात आणतो. पर्सुएड (समोरच्याला पटवायच्या) स्किलमध्ये पॉइंट टाकलेले असतील तर इथे वसूल होतात.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एलासाच्या हातात सापडलेलं सनरीचं मेडल. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं संपलं, आता काय वाचवणार. पण ग्लुपॉर नावाचा रोडियन जमातीचा एक जण आहे त्याला सोडू नका, नीट दाबून विचारलं की तो कबूल करतो की सिथनी पैसे दिले म्हणून मेडल त्यानेच तिच्या हातात ठेवलं. हे कोर्टात त्याच्या तोंडून काढलंत की समोरच्यांच्या केसमधली हवाच जाते. सनरीला सोडवायचं असेल तर सगळा जोर इथेच लावा, आणि एलासा साधीसुधी बाई नव्हती, सिथची होती, हेही न्यायाधीशांसमोर आणा.

आणि आता दुसरी बाजू. रिपब्लिकच्या दूतावासातल्या कॉम्प्युटरमध्ये घुसा, कॉम्प्युटर स्पाइक (हॅकिंगला लागणारी वस्तू) भरपूर ठेवा. तिथे एक रेकॉर्डिंग आहे. एलासा झोपलेली आहे आणि सनरी तिला गोळी घालतोय. म्हणजे पुरावा खोटा पेरलेला, पण खून खरंच त्यानेच केलेला!! मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा गेम पॉज करून तसाच बसलो होतो, कारण तोपर्यंत ग्लुपॉरचा कबुलीजबाब खिशात होता आणि केस जिंकल्यातच जमा होती. रिपब्लिकवाल्यांना हे माहीत होतं आणि तरी दाबून ठेवलं, तो राग वेगळाच. हे रेकॉर्डिंग घेऊन परत सनरीकडे जा आणि तोंडावर विचारा, तो काय सांगतो ते शांतपणे ऐका, घाईत क्लिक करू नका.

अडकवायचं असेल तर हेच कोर्टात मांडायचं. वकील तुम्ही त्याचेच, तरी गेम अडवत नाही. मी एकदा असं केलंय आणि जोली शेजारी उभा असताना ते बटण दाबायला खूप जड गेलं. पण झोपलेल्या माणसाला मारलंय, ते डोळ्यांनी बघून गप्प बसणं मला तरी त्याहून अवघड वाटतं.

एक काम नक्की करा, खटला सुरू करायच्या आधी वेगळी सेव्ह करून ठेवा, त्यावर दुसरी सेव्ह करू नका. एकदा सोडवून बघा, मग तीच सेव्ह लोड करून रेकॉर्डिंग दाखवून बघा, आणि दोन्ही वेळी निकालानंतर जोलीशी बोलायला विसरू नका.